पाहणं आणि ठेवणं यांच्यामधली कडी

मंगळवारी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी या सगळ्याला सुरुवात झाली. मिनिट इतकं नेमकं कसं ठाऊक, असं विचाराल तर ते एका आईच्या वहीत लिहिलेलं आहे, आणि त्या वहीची गोष्ट पुढे येतेच. तेव्हा मी मात्र नव्हते. माझ्यासारख्या गोष्टी आधीपासून कधीच नसतात. काहीतरी विपरीत घडता घडता राहतं, कुणाच्या तरी काळजात धस्स होतं आणि मग आम्हाला बोलावणं येतं.

मी एक कडी बोलतेय. दाराला असते तशीच, पण लोखंडाची नाही की पितळेची नाही. मी संगणकाच्या भाषेत लिहिलेली कडी आहे. लहान मुलांच्या एका दवाखान्यात नोंदणीची खोली आहे, तिथल्या करड्या संगणकाच्या पोटात मी राहते. मला हात लागत नाही, मी वाजत नाही, कुरकुरत तर मुळीच नाही. तरी दिवसभरात लाखो वेळा लागते आणि निघते. दमले म्हणून बसायची सोय नाही. ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आधी खोली डोळ्यांपुढे आणा. भिंतीवर हत्तीचं चित्र, त्याच्या सोंडेचा रंग मुलांनी नखांनी खरवडलेला. तीन बाकं. बाकांवर आया, मांडीवर बाळं. एक रडायला लागलं की बाकीची साथ देतात. टेबलाशी सिस्टर, दोरीला अडकवलेला चष्मा गळ्यात, आणि शेजारी वजनाचा काटा, त्यावर बाळाला ठेवायचं पसरट ताट. संगणकाच्या पडद्यावर वजन लिहिलेलं असलं तरी सिस्टर प्रत्येक बाळ स्वतः ताटात ठेवून पाहतात. यावरून सगळे त्यांना हसायचे. मी हसत नाही. त्या सवयीमुळेच त्या दिवशी अनर्थ टळला.

त्या मंगळवारी टिचकीची पाळी होती. टिचकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. महिनाभर आधी जन्मली, एवढीशी होती, म्हणून आजोबा तिला टिचकी म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. चार महिन्यांची झाली तरी वजन साडेचार किलोच. तिला एक औषध सुरू करायचं होतं, ते वजनाच्या हिशेबाने थेंब मोजून द्यायचं. सिस्टरांनी तिची फाइल उघडली, शेवटच्या पानावर गेल्या आणि मोठ्यांदा वाचायला लागल्या.

"वजन अकरा किलो दोनशे. चालते. दोन शब्द बोलते." सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं बाई! एवढ्यात चालायला लागली?"

"अहो सिस्टर, ही अजून कुशीवर वळत नाही!" टिचकीची आई म्हणाली.

"आणि कोणते दोन शब्द बोलते?"

"एकच बोलते. ट्यॅहॅ."

दोघी हसल्या. मग सिस्टरांची नजर खालच्या ओळीवर गेली आणि हसू तिथेच थांबलं. खाली औषधाचं माप होतं. अकरा किलोच्या मुलाचं. त्यांनी टिचकीला ताटात ठेवलं. काटा म्हणाला, साडेचार.

टिचकीच्या आईने पोरीला ताटातून उचलून छातीशी धरलं. "माझ्या पोरीला हे एवढं औषध जाणार होतं?"

"मी असताना नाही जाणार," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी फाइल बंद केली, पुन्हा उघडली. आता सगळं बरोबर! वजन साडेचार, माप तिचं, नाव तिचं. जणू काही झालंच नव्हतं.

खरी धास्ती याचीच होती. चूक राहिली असती तर बोट दाखवता आलं असतं. ही तर दहा सेकंदांत पसार झाली. दवाखान्यातले बाकीचे म्हणायला लागले, सिस्टर, तुमचाच चष्मा बदलायला झालाय. तेव्हा टिचकीची आई उभी राहिली. एरवी ती हळू बोलणारी बाई, पण त्या दिवशी आवाज चढला.

"मी पाहिलंय. दोघींनी पाहिलंय. दोघींचा चष्मा एकदम कसा बिघडेल? मला तर चष्माच नाही!"

मोठ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि ठरवून टाकलं. औषध आठवडाभर पुढे ढकललं तरी चालण्यासारखं होतं. पुढच्या मंगळवारी द्यायचं. तोवर संगणकातला हा घोळ सापडला पाहिजे.

"सापडला तरी मी नुसतं ऐकून घेणार नाही," टिचकीची आई म्हणाली. "माझ्यासमोर करून दाखवायचं. त्याशिवाय एक थेंब तिच्या तोंडात जाऊ देणार नाही."

म्हणजे एकीकडे औषध हवं, दुसरीकडे विश्वास बसत नाही. मधे साडेचार किलोची टिचकी, मुठीने स्वतःचाच कान ओढत.

दुसऱ्या दिवशी संगणक पाहायला दोघं जण आले. एक ताई, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, संगणकाशी "हं, बोल बाबा" असं बोलणारी. दुसरे काका. फाइली सांभाळायचं काम, म्हणजे त्याचा प्रोग्राम, काकांनीच कधीकाळी लिहिला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान.

"बावीस वर्षं चाललंय," काका आल्या आल्या म्हणाले. "केसालाही धक्का नाही."

"तुमच्या डोक्यावर केस कुठे राहिलेत काका," ताई म्हणाली, "धक्का लागला तर कळणार कसं?"

ताईने संगणकाची रोजनिशी काढली. फाइलींची छाटणी कधी झाली याची वेळ तिच्यात होती. पण सिस्टरांनी ते चुकीचं पान नेमकं कधी पाहिलं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. टिचकीच्या आईला बोलावून घेतलं.

"साधारण किती वाजले होते, आठवतं का?"

"साधारण कशाला?" तिने पिशवीतून हाताएवढी वही काढली. टिचकी किती वाजता प्यायली, किती वाजता झोपली, लंगोट किती वेळा बदलला, सगळं त्यात. तिची सासू यावरून तिला रोज चिडवायची, पोर मोठी होऊन ही वही वाचेल तेव्हा काय म्हणेल! वहीत मंगळवारच्या पानावर होतं: दहा बेचाळीस, शी.

"सिस्टर अकरा किलो वाचत होत्या ना, तेव्हाच केली तिने. मी घड्याळ पाहिलं."

ताईने रोजनिशीवर बोट सरकवलं. टिचकीच्या फाइलीची छाटणी: दहा बेचाळीस.

काकांनी वही हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "बावीस वर्षांत मला इतकी चांगली रोजनिशी लिहिता आली नाही."

आता संगणकाच्या पोटात काय चालतं ते सांगते. घाबरू नका, स्वयंपाकघरापेक्षा अवघड काही नाही.

प्रत्येक बाळाची एक फाइल असते. फाइल म्हणजे पानं. ती ठेवलेली असतात डिस्कवर, माळ्यावरच समजा ना. माळ्यावर कप्पे, कप्प्यांना नंबर. काम करायचं ते खाली टेबलावर, म्हणजे मेमरीत. सिस्टरांनी फाइल उघडली तरी सगळी पानं टेबलावर येत नाहीत, जागा पुरायची नाही. ज्या पानावर नजर जाईल तेवढंच आणायचं. नजर गेली आणि पान टेबलावर नाही, की आत हाक उठते. संगणकाची माणसं या हाकेला पेज फॉल्ट म्हणतात. फॉल्ट म्हणजे दोष, पण यात दोष कुणाचाच नसतो. बाळ रडलं तर दोष कुणाचा? त्याला काहीतरी हवंय एवढंच.

हाक ऐकून एक आणणारी निघते. ती आधी यादीत पाहते, हे पान कोणत्या कप्प्यात आहे. मग माळ्यावर जाते आणि पान टेबलावर आणून ठेवते. अशा आणणाऱ्या पुष्कळ आहेत, सगळ्या चटपटीत.

आणि एक आहे छाटणारा. तपासण्यांची पानं साठत जातात, म्हणून अधूनमधून सगळ्याचा सारांश फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून घेतात आणि मागचं शेपूट छाटतात. छाटणारा आधी फाइलीची लांबी कमी करतो, टेबलावर राहिलेली शेपटाची पानं उचलतो, मग माळ्यावरचे कप्पे रिकामे करून टाकतो. रिकामा कप्पा लगेच दुसऱ्या बाळाला मिळतो.

आता दहा बेचाळीसला काय झालं पाहा. आणणारीने यादीत पाहिलं: टिचकीचं शेवटचं पान, कप्पा सत्तावन्न. ती माळ्याकडे वळली. तेवढ्यात छाटणाऱ्याने सत्तावन्न नंबर रिकामा केला. तेवढ्यात तो एका गुटगुटीत, चालत्या-बोलत्या पोराला मिळाला आणि त्याचं पान तिथे ठेवलंही गेलं. मग आमची आणणारी पोहोचली, सत्तावन्नमधलं पान उचललं आणि टिचकीचं म्हणून टेबलावर आणून ठेवलं.

तिने आळस केला नाही, चोरी केली नाही. तिने पाहिलं ते खरं होतं. ठेवेपर्यंत खरं राहिलं नाही.

जुना संगणक एका वेळी एकच काम करायचा. त्यात असं क्वचितच झालं असेल, कुणाच्या लक्षात आलं नाही. महिन्यापूर्वी नवा आणला, त्याला सोळा हात, म्हणजे सोळा कामं एकदम. सोळा हात एका घरात एकदम कामाला लागले की काय होतं ते कुठल्याही गृहिणीला विचारा.

"मग सोपं आहे," काका म्हणाले. "कडी लावा!"

कडी होती की आधीची. फाइलीत कुणी लिहायला आलं, छाटायला आलं, की ती लावूनच आत जायचं. ती माझी थोरली जाऊ. जाऊबाई मोठ्या कर्तबगार. पण आणणाऱ्या तिला न विचारताच ये-जा करायच्या. काकांचं म्हणणं, त्यांनीही जाऊबाईंची कडी लावावी, झालं.

ताईने तसं करून पाहिलं. दवाखान्याच्या संगणकावर नव्हे, आपल्या कामाच्या खोलीतल्या दुसऱ्या संगणकावर, सगळ्या फाइलींची नक्कल घेऊन. दुपारी चारला तो संगणक जो गप्प झाला तो झालाच.

झालं असं की एक लिहिणारा जाऊबाईंची कडी लावून फाइलीत शिरला. त्याला जो मजकूर उतरवून घ्यायचा होता तो नेमका त्याच फाइलीच्या दुसऱ्या पानावर, आणि ते पान टेबलावर नव्हतं. हाक उठली. आणणारी आली, तर दाराला आतून कडी! ती थांबली कडी निघण्यासाठी, तो थांबला पान येण्यासाठी. दोघंही शहाणी, दोघंही नियमाने वागणारी, आणि जगबुडी झाली तरी हलणार नाहीत.

काका गप्प झालेल्या पडद्याकडे पाहत म्हणाले, "हे माझ्या घरी झालंय. मी न्हाणीघरात आतून कडी लावलेली, टॉवेल विसरलेला. मी म्हणतो टॉवेल दे. काकू म्हणते आधी दार उघडा. मी म्हणतो टॉवेलाशिवाय उघडायचं कसं?"

"मग?"

"मग काय, वाळलो."

ताई हसली खरी, पण तोवर गुरुवार संपत आला होता.

शुक्रवारी ती नोंदणीच्या खोलीत नुसतीच येऊन बसली. म्हणाली, कामाच्या खोलीत डोकं चालत नाही. टिचकीची आई त्या दिवशी वजनासाठी आली होती. सिस्टरांनी तिला एक दिवसाआड यायला सांगितलेलं. ताई पाहत राहिली. बाकीच्या आया बाळ उचलतात, ताटात ठेवतात. टिचकीची आई आधी डाव्या हाताने ताटाची कड घट्ट धरायची. मग वाकून पाहायची. मग उजव्या हातावरची टिचकी हळूच ताटात. ती नीट टेकली की मगच डावा हात सुटायचा.

"ताट का धरून ठेवता?" ताईने विचारलं.

टिचकीची आई लाजली. "सवय झालीय. पहिल्यांदा आले तेव्हा मी पाहिलं, ताट आहे. दुपटं सोडायला वळले, तेवढ्यात सिस्टरांनी ताट पुसायला उचललं. मी पोरीला ठेवायला गेले तर खाली नुसता काटा! तेव्हापासून आधी धरते. घरचे म्हणतात फार काळजी करतेस."

"आधी पाहून मग धरलं तर?"

"मधे कुणी उचललं तर? आधी धरायचं, मग पाहायचं. धरलेलं कोण उचलणार?"

ताईने अंबाड्यातली पेन्सिल उपसली आणि सिस्टरांच्याच टेबलावर, औषधाच्या खोक्याच्या पाठीवर लिहायला लागली. माझा जन्म तिथे झाला, खोकल्याच्या औषधाच्या खोक्यावर. पुष्कळांचा याहून वाईट ठिकाणी होतो.

जाऊबाई आपल्या जागी राहिल्या, मी वेगळी. प्रत्येक फाइलीला माझ्यासारखी एक स्वतंत्र कडी. नियम असा: आणणाऱ्या कितीही जणी एकदम मला लावून आत येऊ शकतात, त्यांचं एकमेकींशी काही बिघडत नाही. झोपलेलं बाळ पाहायला चार जणी आल्या तर काय बिघडतं? पण छाटणारा येईल तो एकटाच. आत एक जरी आणणारी असली तरी तो बाहेर थांबणार, आणि तो आत असेपर्यंत आणणाऱ्या बाहेर. लांबी कमी करणं, पानं उचलणं, कप्पे रिकामे करणं, तिन्ही कामं होईपर्यंत त्याने मला सोडायचं नाही. पाळण्यातलं अंथरूण बदलताना मधेच कुणी बाळ आणून ठेवलं तर कसं चालेल?

आणि मानपानाचा एक नियम. दोघी लागणार असतील तर आधी थोरल्या जाऊबाई, मग मी. मला धरून कुणी जाऊबाईंच्या दाराशी गेलं नाही पाहिजे, नाहीतर पुन्हा टॉवेल. आणणाऱ्यांना जाऊबाईंकडे जावंच लागत नाही, त्यांना मी पुरते. लिहिणारा जाऊबाईंना धरून बसला आणि त्याला मधेच पान लागलं, तरी त्या वेळी मी मोकळी असते. आणणारी माझ्या दाराने येते आणि पान देऊन जाते. म्हणून संगणक आता गप्प होत नाही.

शनिवारी मला पहिल्यांदा कामाच्या खोलीतल्या संगणकात बसवलं. ही अडचण चुकून-माकून येणारी, वाट पाहत कोण बसणार? म्हणून ताईने पाहणं आणि ठेवणं यांच्यामधल्या फटीत पाचर ठोकली. आणणारीला सांगितलं, पाहिल्यावर जरा थांब, मग जा. म्हणजे भांडण व्हायचंच असेल तर आत्ताच होऊ दे. आणि आणणाऱ्यांना आणि छाटणाऱ्याला हजार वेळा एकमेकांच्या अंगावर सोडलं.

हजारात तीनदा परकं पान आलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तर लागत होते, निघत होते, सगळं सांगितल्यासारखं करत होते! रविवारी सकाळी ताई डोकं धरून बसली. काका आले, तिच्या खांद्यावरून वाचायला लागले आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"आणणारी यादीत कधी पाहते?"

"सुरुवातीला."

"आणि कडी कधी लावते?"

ताईने वर पाहिलं. तिने आणणारीला आधी यादीत पाहायला लावलं होतं आणि मग मला लावायला. कडी होती, पण पाहणं कडीच्या बाहेर राहिलं होतं.

"त्या बाईने काय सांगितलं होतं तुला?" काका म्हणाले.

"आधी धरायचं, मग पाहायचं," ताई पुटपुटली. "काका, मी तिचं बोलणं खोक्यावर लिहून घेतलं, आणि तरी उलटं केलं."

"मी तर बावीस वर्षं धरलंच नव्हतं," काका म्हणाले. "केसाला धक्का लागला नाही हे नशीब. अक्कल म्हणून मिरवत होतो."

चार ओळी वर-खाली झाल्या. आधी मी, मग फाइलीची लांबी पाहणं, मग यादी, मग माळा, मग टेबल, आणि शेवटी मला सोडणं. रविवारी दिवसभर, सोमवारी दिवसभर त्यांनी आमची झुंज लावली. एक लाख वेळा. परकं पान एकदाही नाही. सोमवारी संध्याकाळी मी दवाखान्याच्या संगणकात राहायला आले.

मंगळवारी मात्र माझी पाचावर धारण बसली. लाख वेळा बरोबर आलं म्हणून काय झालं, ही नक्कल नव्हती. ही खरी टिचकी होती. वही घेऊन तिची आई पडद्यासमोर उभी, सिस्टर खुर्चीत, मोठ्या डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून मागे. सिस्टरांनी टिचकीची सगळी नोंद हाताने कागदावर उतरवून टेबलावर ठेवली होती, ताडून पाहायला. ताईने फटीतली पाचर मुद्दाम तशीच ठेवली होती.

"आता सिस्टर शेवटचं पान उघडतील," ताई म्हणाली, "आणि त्याच वेळी मी छाटणी सोडणार. मागच्या मंगळवारसारखंच."

"सोडा," टिचकीची आई म्हणाली.

हाक उठली. आणणारी धावत आली, मला लावलं, यादीत पाहिलं आणि पाचरेवर थांबली. मागून छाटणारा आला, घाईत, कात्री हातात.

"सरक," तो म्हणाला.

"आत बाई आहे," मी म्हणाले.

"माझं दोन क्षणांचं काम आहे गं!"

"तिचंही तेवढंच आहे. थांब."

थांबला बिचारा. मागून आणखी दोन आणणाऱ्या आल्या आणि आत घुसायला लागल्या. त्यांनाही सांगितलं, आता याच्या मागे उभ्या राहा, नाहीतर याची पाळी कधीच यायची नाही. आतलीने टिचकीचं पान, तिचं स्वतःचं, टेबलावर ठेवलं आणि मला सोडलं.

पडद्यावर उमटलं. सिस्टरांनी कागदावर बोट ठेवून ओळ न् ओळ ताडली. "वजन साडेचार. बरोबर. माप बरोबर. कुशीवर वळत नाही. तेही बरोबर."

"कालपासून वळते!" टिचकीची आई म्हणाली. "पण ते अजून तुम्हाला सांगायचंय."

मग तिने सांगितलं, पुन्हा करा. ताईने छाटलेली पानं आधी परत जोडली. या वेळी छाटणारा आधी पोहोचला. त्याने मला धरलं, तिन्ही कामं नीट उरकली. आणणारी दाराशी उभी. तो बाहेर पडल्यावर ती आत आली, लांबी पाहिली आणि रिकाम्या हाताने परतली. पडद्यावर अक्षरं आली: हे पान आता या फाइलीत नाही, फाइल पुन्हा उघडा.

"हे काय?" टिचकीच्या आईचा चेहरा उतरला.

"खरं तेच सांगतोय संगणक," ताई म्हणाली. "ते पान छाटलं गेलं. आधी तो काहीतरी आणून द्यायचा, कुणाचंही. आता एक तर तुमचंच पान देईल, नाहीतर नाही म्हणेल. दुसऱ्या बाळाचं देणार नाही."

सिस्टरांनी फाइल पुन्हा उघडली. पहिल्या पानावर सारांश होता. वजन साडेचार, माप तिचं.

टिचकीच्या आईने सारांश स्वतः वाचला. मग म्हणाली, "नाही म्हणतो ते बरं करतो. मला 'नाही' चालतं. भलतंच चालत नाही." तिने डाव्या हाताने ताटाची कड धरली, पाहिलं, टिचकीला ठेवलं. काटा म्हणाला, चार किलो सहाशे. सिस्टरांनी नव्या वजनाने माप काढलं, थेंब मोजले. टिचकीने तोंड वाकडं केलं, अर्धा थेंब ताईच्या बाहीवर उडवला आणि उरलेलं गिळलं.

"वहीत लिहा," मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिने लिहिलं. अकरा वाजून सहा मिनिटं, औषध घेतलं. माझा जीव भांड्यात पडला.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. पाचर केव्हाच काढली. टिचकी चालते, दोन शब्द बोलते, आणि तिच्या फाइलीत ते आता खरंखुरं लिहिलेलं आहे. ताट पुसायला उचलताना सिस्टर हल्ली आधी मागे वळून पाहतात. जाऊबाई अधूनमधून मला ऐकवतात की मी नव्हते तेव्हाही घर चाललंच होतं. मी हो म्हणते. थोरल्यांशी कशाला वाद घाला!

माझं कौतुक कुणी करत नाही आणि ते बरंच आहे. कडीचं नाव निघतं ते ती नसते तेव्हाच. ताई मात्र येते कधी संगणक पाहायला, माझ्या चार ओळी उघडते, क्रम पुन्हा एकदा तपासते आणि बंद करते. तपासायची गरज नसते. तरी तपासते. मला ते आवडतं. झोपलेल्या बाळाच्या नाकापुढे बोट धरून पाहणाऱ्या आईला कुणी वेडी म्हणू नये.

मी या एकाच संगणकात आहे. जगात फाइली पुष्कळ, आणणाऱ्या पुष्कळ, छाटणारे पुष्कळ, आणि कितीतरी दारं अजून बिनकडीची असतील. माझे पाय काही तिथवर पोहोचत नाहीत. तुमचे पोहोचतात. तुमच्या घरात, शेजारात, नात्यात कुणी संगणकाची कामं लिहिणारं असेल तर त्याला माझा एवढा निरोप द्या, आणि त्याला म्हणावं, तूही पुढच्याला दे: आधी धरायचं, मग पाहायचं, मग ठेवायचं, आणि नीट टेकल्यावरच हात सोडायचा. ऐकणारा हसला तर हसू द्या. टिचकीच्या आईलाही सगळे हसतच होते.